भाल्याशेजारची काठी

मी काठी बोलतेय. हातभर लांब, लोखंडाची, मुठीशी पिंजऱ्यासारखी फुगलेली. तुम्ही काचेसमोर येऊन उभे राहता तेव्हा तुमची नजर आधी भाल्यावर जाते आणि मग कंटाळत कंटाळत माझ्यावर येते. मला ते दिसतं. हजार वर्षांपूर्वीही मी तेच बघत होते. तेव्हा आज आधी माझं ऐका. भाल्याचं गुणगान गाणारे पुष्कळ होऊन गेले.

पहिली गोष्ट, तो माझ्याहून मोठा नाही. आम्ही जुळे आहोत.

उत्तरेकडच्या एका खाडीवर होस्नेस नावाची वस्ती होती. तिथल्या कोल्बेइन लोहारानं दलदलीतली तांबूस माती खणली, भट्टीत घातली, भाता मारून मारून हात सुजवून घेतले, तेव्हा कुठे लोखंडाचा एक गोळा निघाला. एकच. तो त्यानं छिन्नीनं मधोमध तोडला. अर्ध्याचा भाला केला, वस्तीचा धनी वेमुंड याच्यासाठी. उरलेल्या अर्ध्याची मी, वेमुंडची थोरली बहीण हाल्दोरा हिच्यासाठी. हाल्दोरा भाकणूक सांगायची. चौथऱ्यावर बसायची, मला हातात धरायची, बायका भोवती रिंगण करून गायच्या आणि तिच्या अंगात यायचं.

भाला ओडिनचा आणि मीही ओडिनचीच. ओडिन म्हणजे त्या लोकांचा सगळ्यांत मोठा देव, एका डोळ्याचा. मला पाण्यात बुडवताना कोल्बेइन म्हणाला होता, "देव एकच, पण त्याचे उद्योग फार. लढाई त्याची, कविता त्याची, फासावर गेलेले त्याचे, आणि बायकांच्यात बसून मंत्र शिकला तोही तोच. आता तुमचं तुम्ही वाटून घ्या."

वाटून घ्या! बहीणभावांत वाटणी कधी सारखी झाली आहे का?

भाल्याला ॲशच्या लाकडाचा उंच दांडा मिळाला. पात्याच्या बुडाशी चांदीची तार मिळाली. राहायला मानाच्या आसनामागची भिंत मिळाली, जिथून सगळी बैठक त्याला दिसे आणि सगळ्या बैठकीला तो दिसे. वेमुंडची बायको अस्वोर त्याला दर वर्षी चरबी चोळून चकचकीत करायची. मी मागच्या घरात, बकरीच्या कातड्यात गुंडाळलेली, मागाला टांगायच्या दगडांशेजारी. 

मला चरबी एकदाच लागली. तीही ऐका.

हाल्दोरा एका बाळंतिणीपाशी दोन दिवस गेली होती. इकडे पाहुणे आले आणि अस्वोरची मांस भाजायची सळई नेमकी मोडली. त्या बाईनं काय करावं? मला कातड्यातून काढलं, मेंढीच्या अख्ख्या तंगडीत खुपसलं आणि विस्तवावर धरलं. हाल्दोरा परत आली तेव्हा माझ्या मुठीच्या पिंजऱ्यातून अजून चरबी ठिबकत होती.

"वन्सं, चुकलं माझं," अस्वोर म्हणाली. "पण तंगडी मात्र झकास झाली."

"अस्वोर, नवऱ्याचा भाला काढून माशाची खवलं काढशील का?"

"अगं बाई! भाला तो. देवाचा आहे."

"आणि ही कुणाची?"

अस्वोर गप्प. मी त्या गप्प बसण्याला आजवर माफ केलेलं नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर मोठी मेजवानी व्हायची. वेमुंड मधाच्या दारूचं शिंग उंचावायचा आणि देवाचं एक नाव घ्यायचा. "विजयाच्या बापाला!" शिंग फिरायचं. पुढचा म्हणायचा, "भाल्याच्या धन्याला!" मग, "फासाच्या धन्याला!" मग, "रुंद टोपीच्या वाटसरूला!" मग कुणीतरी म्हणायचं, "कवितेची दारू चोरून पळणाऱ्याला!" आणि सगळे खो खो हसायचे. चोरी केली तरी कौतुक. वेषांतर करून फसवलं तरी कौतुक. 

एका वर्षी हाल्दोरानं मला जमिनीवर आपटलं. "एक राहिलं."

सगळे थांबले.

"बायकांच्या पायाशी बसून मंत्र शिकला, त्याच्या नावानं कोण पिणार?"

बापये आपापल्या दारूत बघायला लागले, जणू तळाशी काही पडलं आहे. वेमुंड हळूच म्हणाला, "आक्का, पाहुण्यांसमोर कशाला?"

"देवाला शिकताना लाज वाटली नाही आणि तुला नाव घ्यायला वाटते?" असं म्हणून तिनं शिंग ओढून घेतलं आणि एकटीनं रिकामं केलं.

भाला भिंतीवरून बघत होता. त्याच्या पात्यावर विस्तव हलत होता. मला तो हसल्यासारखा वाटला.

आणि हेच बापये, पोराला ताप आला की मागच्या दारानं यायचे. मासे खाडीत यायचे थांबले की यायचे. "हाल्दोरा, जरा बघतेस का? पण कुणाला सांगू नकोस हं." भाल्याकडे सगळे पुढच्या दारानं, माझ्याकडे सगळे मागच्या. माझा जळफळाट होणार नाही तर काय होईल?

मग देवमासा आला.

गवत कापून झालं होतं. होस्नेस आणि पलीकडचं स्कार्वनेस यांच्या मधल्या वाळूवर एक भला मोठा देवमासा लाटांनी आणून टाकला. अख्ख्या हिवाळ्याचं मांस आणि दिव्याचं तेल. दोन्ही वस्त्या धावल्या. इकडून वेमुंडची माणसं, तिकडून त्यांची. बायकाही सुरे आणि टोपल्या घेऊन मागे उभ्या होत्या, त्यांत हाल्दोरा, आणि तिच्या पट्ट्यात खोवलेली मी. म्हणून हे मी स्वतः पाहिलं.

त्या लोकांत रीत होती. लढाई जुंपायच्या आधी म्होरक्या समोरच्यांच्या डोक्यांवरून भाला फेकायचा आणि म्हणायचा, ओडिन तुमचा धनी. भाला ज्यांच्यावरून गेला ते देवाला दिले. मग देवानं त्यांना केव्हा घ्यायचं ते घ्यावं.

वेमुंडचा मुलगा ऑडून तेव्हा बावीस वर्षांचा. चार मुलांतला तो एकच जगलेला. तो कुणाला न विचारता पुढे पळाला आणि थेट देवमाशाच्या पाठीवर चढला.

"अरे स्कार्वनेसच्या गड्यांनो," तो ओरडला, "शेपूट पाठवून देतो तुम्हाला! रस्सा करा!"

मागे वेमुंडनं भाला उचललाच होता. साठी उलटलेला माणूस, उजवा खांदा दोन हिवाळे दुखत होता, पण सांगणार कुणाला? "ओडिन तुमचा धनी!" असं गरजून त्यानं फेकला. भाला उंच गेलाच नाही. तिरपा झाला, बुटका पडला, देवमाशावरून गेला आणि पलीकडच्या मोकळ्या वाळूत जाऊन रुतला. शत्रूंतला एकही माणूस त्याच्याखाली आला नाही.

आला तो एकटा ऑडून.

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "वेमुंड, पोरगा देवाला दिलास! मासा तुलाच ठेव आता, तेराव्याला लागेल!" पण त्यांचंही हसू टिकलं नाही. देवाला दिलेल्या माणसाच्या आसपास लढायला कुणालाच नको होतं. त्यांनी नावा ढकलल्या आणि निघून गेले.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाला चुकला होता, तोही सगळ्यांसमोर. मी म्हटलं, जा आता मिरव! मग हाल्दोराची मूठ माझ्यावर आवळली. ऑडून देवमाशावर तसाच उभा होता, तोंड उघडं, शेपटीची थट्टा अजून ओठांवर. माझा आनंद तिथंच अडकला.

त्या दिवसापासून त्याच्याबरोबर वल्हं मारायला कुणी बसेना. "तू देवाचा. देव तुला ओढेल तेव्हा आम्ही त्याच नावेत नको." त्याची सोयरीक ठरली होती, त्या घरून निरोप आला की मुलगी अजून लहान आहे. ती चोवीस वर्षांची होती. ऑडून मागच्या घरात येऊन बसायचा.

"आत्या, मेलेल्या माणसाला एवढी भूक लागते का गं?"

"खा गुमान."

"नाही, म्हणजे विचारून ठेवलेलं बरं."

हिवाळ्याची मेजवानी जवळ येत चालली. देवाचं देणं मेजवानीआधी द्यायला हवं, अशी कुजबूज सुरू झाली. खाडीच्या टोकाला एक जुना ॲश होता, देवाला द्यायच्या माणसाला फास लावायचं झाड. लोक आधी त्या झाडाकडे बघायचे आणि मग ऑडूनच्या गळ्याकडे.

अस्वोर रोज नवऱ्याला म्हणायची, वन्संना विचारा. वेमुंड ऐकेना. शेवटी एका दुपारी तो दारात वाकून मागच्या घरात आला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"आक्का."

"बस. डोकं सांभाळ, मागाला लागेल."

"तुझं ते करशील का?"

"माझं काय? नाव घे."

तो घुटमळला. "मंत्र."

"बायकी मंत्र म्हणायचास."

"म्हणायचो." तो मागाच्या दगडांकडे बघत राहिला. "एकच पोर उरलंय गं. चूक माझ्या खांद्याची, मान त्याची का जावी? देव बदली माणूस घेतो का, तेवढं विचार."

"बदली कोण?"

वेमुंड नुसता खांदा चोळत बसला. हाल्दोरानं त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि मग मला कातड्यातून काढलं.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, तेही पुढच्या घरात, तिच्यासाठी चौथरा मांडला! मागचं दार नाही, कुजबूज नाही. सगळी वस्ती जमली. बायकांनी रिंगण धरून गाणं उचललं. भाला भिंतीवर आणि मी सगळ्यांच्या मध्ये, हाल्दोराच्या मुठीत. माझ्या आयुष्यातला तो पहिलाच दिवस, जेव्हा मी त्याच्याकडे वरून पाहिलं.

आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. देव यायचा तेव्हा मी आतून थरथरायचे, ताणलेल्या तारेसारखी. त्या दिवशी मी वाट पाहिली. बायकांनी गाणं दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. मी लोखंडासारखी लोखंड राहिले. तो आलाच नाही.

हाल्दोरालाही ते कळलं होतं. ओडिननं शहाणपणासाठी स्वतःच स्वतःला बळी देऊन नऊ दिवस झाडाला टांगून घेतलं होतं, ही गोष्ट तिथं पोरासोरांनाही ठाऊक होती. तिनं डोळे मिटले आणि घोगऱ्या आवाजात, देवच बोलतोय अशी, बोलायला सुरुवात केली.

"दिलेलं मी परत देत नाही. पण मी मलाच मला दिलं होतं. वाऱ्यातलं झाड, गळ्यात दोर, अंगावर भाल्याची खूण, नऊ दिवस, ना भाकर ना शिंग. ज्यानं भाला फेकला त्यानं तसंच स्वतःला द्यावं. मग पोर सुटलं."

"कबूल," वेमुंड म्हणाला. इतक्या पटकन, की वाट बघत होता हे आंधळ्यालाही कळावं.

लोकांना वाटलं देव बोलला. बोलली बहीण. भाल्याचा देव, फासाचा देव आणि मंत्रांचा देव, हे बापयांनी वेगवेगळ्या शिंगांत ओतून ठेवलेले तिघे तिनं एका दमात परत एक केले. त्यात तिचा सख्खा भाऊ जाणार होता आणि तिचा आवाज एकदाही फाटला नाही. मला तिचा अभिमान वाटला.

पण छातीवर खूण करायचा मान कुणाला मिळाला? भाल्याला! चूक त्याची, निवाडा माझ्या चौथऱ्यावरचा, आणि मान पुन्हा त्यालाच.

खूण ऑडूननं केली. त्याचा हात हलत होता. "नीट धर," वेमुंड ओरडला, "मासा चिरतोस तसा धर की!" रक्त थोडंसंच आलं. मग त्याच्या गळ्यात सैल दोर घालून त्याला टोकावरच्या ॲशखाली बसवलं, मांडीवर भाला देऊन. थंडी पडायला लागली होती, त्याला खोकला होताच. हाल्दोरा त्याच्या शेजारी येऊन बसली. कुणी तिला बसायला सांगितलं नव्हतं आणि ऊठ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ती जेवायला झाडामागे जायची.

"आक्का, खारवलेल्या माशाचा वास येतोय."

"वारा तिकडून आहे."

"वारा नव्हे, तुझं तोंड आहे ते."

पाचव्या दिवशी त्यानं विचारलं, "खरं सांग. त्या दिवशी तो आला होता का?"

हाल्दोरानं खाडीकडे पाहिलं. "तू भाला फेकलास, त्या दिवशी आला होता का?"

"नाही," वेमुंड म्हणाला. "खांद्यातून कळ आली, एवढंच."

"मग झालं तर."

दोघं हसायला लागली. तो खोकला येईपर्यंत हसला, ती त्याची पाठ चोळत हसली. मी भाल्याकडे पाहिलं. तोही इतकी वर्षं नुसतं लोखंडच होता तर! नुसता भिंतीवर चमकत होता! माझ्यात निदान कधीकधी तरी कुणी यायचं.

नवव्या दिवशी सकाळी गवत पांढरं झालं होतं. भाल्याचं पातं बर्फासारखं गार पडलेलं. वेमुंडची बोटं त्यावरून सुटायला लागली.

"आक्का, तुझी ती काठी दे ना. तिला ऊब असेल."

हाल्दोरानं मला झग्याच्या आत छातीशी धरलं होतं. तिनं मला त्याच्या हातात दिलं. त्यानं माझी मूठ धरली, आयुष्यात पहिल्यांदा. थोड्या वेळानं त्याचा श्वास थांबला. भाला त्याच्या मांडीवरून घरंगळून गवतात पडला होता.

होस्नेसचा धनी गेला तो माझा हात धरून. भाल्या, पाहिलंस का? किती वेळा विचारलं मी त्याला! पाहिलंस का?

तेवढ्यात ऑडून टेकडी चढून आला. बापाकडे बघून खाली बसला. मग त्याची नजर माझ्यावर गेली.

"आत्या, लोक येताहेत. बाबांच्या हातात ही दिसली तर..."

"तर काय?"

"हसतील."

हाल्दोरानं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा गळा, त्यावरची थंडीनं लाल झालेली कातडी, तिच्या भावाच्या जिवावर राहिलेला तो गळा. ऑडूननं बापाची बोटं एकेक करून उघडली, मला काढून गवतात ठेवलं आणि तिथं भाला बसवला. ती जन्मभर सगळ्या जगाशी भांडलेली बाई. माझ्यासाठी एक शब्द बोलली नाही.

लोक आले. हातात भाला घेऊन देवाकडे गेलेला वेमुंड त्यांनी पाहिला. त्यावर गाणं झालं आणि खाडीकाठच्या घराघरांत पुढे कित्येक पिढ्या म्हटलं गेलं. त्यात बहीण नाही आणि मीही नाही.

भाला दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून वाकवून वेमुंडबरोबर टेकाडाखाली पुरला. बर्फ वितळायच्या आधी हाल्दोराही गेली. जाताना तिनं ऑडूनला जवळ बोलावलं.

"मला त्याच्याच टेकाडात घाल. आणि ही वाकवून त्याच्या भाल्यावर ठेव. शेजारी नाही. वर."

"आत्या, त्या दिवशी मी..."

"वर म्हटलं ना?"

ऑडूननं गोठलेली माती स्वतः फोडली. मला गुडघ्यावर घेऊन वाकवलं तेव्हा तो रडत होता. मग मला भाल्यावर ठेवलं. वर.

पुढची हजार वर्षं सांगण्यासारखी नाहीत. माती, पाणी, गंज. माझा गंज खाली उतरला, त्याचा वर चढला. त्याचा दांडा कुजला, चांदीची तार काळी पडली, माझ्या मुठीचा पिंजरा मातीनं भरला. कुठे मी संपते आणि कुठे तो सुरू होतो, ते कळेनासं झालं. मी त्याच्याशी बोलत नव्हते, एवढं मात्र मी पाळलं.

मग कुणीतरी रस्त्यासाठी टेकाड खणलं आणि आम्ही इथे आलो. काचेखाली चिठ्ठी लावली, 'सरदाराचा भाला. सोबत मांस भाजायची सळई.'

अस्वोर! हजार वर्षांनीसुद्धा!

इथे सिन्नोव्ह नावाची एक मुलगी आहे. ती भिंगातून बघत म्हणाली, "ही सळई नाही. मूठ बघा ना हिची."

तिचा साहेब म्हणाला, "अगं, चरबीचे अंश सापडलेत."

"एकदाच लागली असेल."

या पोरीला माझ्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही, तरी तिला कळलं. मग तिनं बारीक पातं घेतलं आणि आम्हाला वेगळं करायला बसली. भाला एका काचेत आणि मी दुसरीत, माझी स्वतःची, स्वतःच्या चिठ्ठीसकट. हेच तर मला हवं होतं. पातं आमच्या मधल्या गंजात शिरलं आणि मी काय करावं? मी त्याला घट्ट धरलं. आणि तुम्हाला सांगते, त्यानंही मला धरलं.

"निघत नाहीत," सिन्नोव्ह म्हणाली. "ओढलं तर दोन्ही मोडतील."

पोरी, ओढू नकोस. एका गोळ्यातून निघालो, एका गोळ्यात परत आलो, राहू दे आता. पण ती चिठ्ठी तेवढी बदल. सळई खोड, आणि आधी माझं नाव लिही. वर मी आहे.